जिवंत माणसाच्या काचेवर दिवा

अप्पा,

आज रविवार, २० जानेवारी १९५७, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. मी काचेच्या दोन तुकड्यांना कडेने काळ्या कागदाची पट्टी चिकटवत बसलो होतो. तीन कडा झाल्या. चौथ्या कडेला हात इतका थरथरायला लागला की पट्टी वाकडी बसली. ती ओली असतानाच सोडवली, काच फडक्यावर ठेवली आणि ही वही ओढली. तुम्ही म्हणायचात, हात हलत असेल तर काचेला शिवू नये, दुसरं काहीतरी करावं. दुसरं म्हणजे मला लिहिणंच येतं. संध्याकाळी सहा वाजता मला टॉकीजच्या पडद्यापुढे उभं राहून माइकवर बोलायचं आहे. चारच वाक्यं आहेत. ती मी कागदावर लिहिली आहेत आणि अकरा वेळा तपासली आहेत. त्यांत चूक नाही. तरी सकाळपासून दोनदा विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आलो.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचं काम आता मी करतो, त्याच टॉकीजसाठी, जिन्याखालच्या त्याच खोलीत, जिथे सरळ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागते. पिक्चरच्या आधी पडद्यावर दाखवायच्या काचा: भांड्यांचं दुकान, कॉफीची पूड, दातांचा डॉक्टर, ‘शांतता राखा’. खालच्या काचेवर स्टुडिओवाल्याने उतरवलेला फोटो, वरच्या साध्या काचेवर माझी अक्षरं, दोन्ही एकमेकींवर ठेवून कडेने पट्टी. यंत्रात ती उलटी घालायची हेही तुम्ही शिकवलंत तसंच. अजून दर वेळी घालताना वाटतं की आपण सुलटी घातली आणि आता एखादा सावकार डोकं खाली पाय वर असा दिसणार. एकदाही तसं झालेलं नाही. भीती मात्र कमी होत नाही.

या पोंगलनंतर आपल्या गावात चार दिवसांचा चित्रपट उत्सव भरला आहे. तुमच्या हायस्कूलच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या संघाने तो भरवला. रोज संध्याकाळी आपल्या भागातल्या लोकांनी काम केलेलं एकेक पिक्चर, आणि त्याआधी शाळेतून निघून नाव काढलेल्यांचा आणि गावाच्या उपयोगी पडलेल्यांचा सन्मान. नादस्वर वाजवणारे आहेत, प्रसूतीच्या डॉक्टरीणबाई आहेत, मद्रासच्या स्टुडिओत देवळं आणि राजवाडे उभे करणारा सुतार आहे. बारा जणांच्या काचा करायच्या होत्या. पहिल्या दिवशी, गुरुवारी, गेलेल्या पाच जणांच्या काचा दाखवून सगळ्यांनी एक मिनिट उभं राहायचं. शेवटच्या दिवशी, म्हणजे आज, हयात असलेल्या सात जणांना शाल. बाराच्या बारा काचा मी केल्या. जिवंत माणसाच्या काचेचे चारी कोपरे पिवळे, लग्नपत्रिकेला हळद लावतात तसे. गेलेल्याच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात दिवा, नाचियारकोविलला पितळेचा ओततात तसा, पाच वातींचा, वर हंस बसलेला. ही तुमचीच पद्धत.

संघाचे सेक्रेटरी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. तुम्ही त्यांना ओळखत होतात, ते तुमच्यापेक्षा तीन-चार वर्गांनी पुढे होते. महिन्यापूर्वी त्यांनी मला घरी बोलावून यादी समोर ठेवली. एका नावावर पेन्सिल थांबली. शाळेच्या एका जुन्या गटाच्या फोटोत तो मुलगा मागच्या रांगेत उभा होता. तुम्ही त्याच्या शेजारी होतात, पण तुमचं तोंड दुसऱ्या कुणाच्या तरी पगडीमागे गेलेलं आहे.

“हा तुमच्या मराठी लोकांपैकी,” ते तमिळमध्ये म्हणाले. घराबाहेर आपण सगळ्यांशी तमिळच बोलतो. “मुंबईला जाऊन मोठा कॅमेरामन झाला म्हणतात. तंबी, हा आहे की गेला? पत्ता कुणालाच नाही.”

“गेले, सर.”

“नक्की?”

“मृत्यूचं कार्ड आमच्याच घरी आलं होतं, सर. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.”

त्यांनी नावापुढे खूण केली आणि पुढच्या नावावर गेले. मला बरं वाटलं होतं, अप्पा. कुणी मला काही विचारतं आणि मला ते माहीत असतं, असं फार वेळा होत नाही.

ते कार्ड मला आजही दिसतं. मी बारा वर्षांचा आहे. सकाळची वेळ, आई रगड्यापाशी बसून पीठ वाटते आहे, टपालवाला कार्ड टाकून जातो. कडा काळ्या केलेल्या. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाचता आणि उभ्याचे खाली बसता. मग मोठ्याने रडता. तुम्हाला रडताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आई पिठाचे हात तसेच धरून रडते. तुम्ही विहिरीवर जाऊन नेसत्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेता, येऊन कार्डाचे तुकडे करता आणि ते परसात नेऊन टाकता. मला कुणी काही सांगत नाही. मी आईला विचारतो, कोण गेलं? आई म्हणते, अप्पांचा जिवाचा मित्र, मुंबईचा. तेवढंच.

आणि पाचव्या दिवशी घरात पुरणाची पोळी. माझ्या ताटात दोन. तुम्ही हसत होतात, आईला काहीतरी सांगत होतात आणि दोघंही हसत होतात. मी ताट सरकवलं. माणूस जाऊन पाच दिवस झाले नाहीत आणि या घरात गोड? तुम्ही म्हणालात, “खा. गप्प खा.” मी उठून गेलो. तुम्ही मागून ओरडलात, “माजलाय का?” पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात, तीन दिवसांच्या तापाने. तेव्हापासून मी एक गोष्ट मनात धरून होतो, ती कुणालाही सांगितली नाही. मला वाटायचं, ते गोड खाल्ल्याचं हे फेडणं होतं.

तुम्ही गेल्यावर शाळा सुटली. तुमच्या नावाची काळ्या कडांची कार्डं मीच लिहिली. तुमच्या वहीत लिहिलेल्या सगळ्या पत्त्यांवर, नीट अक्षरात, एकही काना चुकू न देता. मुंबईचा पत्ता आला तेव्हा त्याच्यावर रेघ मारली. मेलेल्या माणसाला कार्ड कसं पाठवणार?

गुरुवारी संध्याकाळी पाच दिवे पडद्यावर उजळले. पाचवा त्यांचा. सहाशे माणसं उभी राहिली, बाल्कनीपासून जमिनीवर बसायच्या तिकिटापर्यंत. मी यंत्रापाशी होतो. काच सुलटी दिसत होती, अक्षरं स्वच्छ होती, दिव्याच्या वाती मी सुईने कोरल्या होत्या त्या पेटल्यासारख्या दिसत होत्या. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

शुक्रवारी दुपारी खोलीच्या दारात कुणीतरी उभं राहिलं आणि उजेड अडला. मी वर बघितलं नाही, म्हटलं, “ऑफिस वरती आहे.”

“भुवई कुणी भरली?” मराठीत प्रश्न आला.

मी वर बघितलं. म्हातारा माणूस, कळकट कोट, हातात छत्री. उजवी भुवई मधोमध तुटलेली, बोटभर खंड. अप्पा, ती भुवई मी तीन दिवस भिंगाखाली पाहिली होती. फोटोत तो खंड होता, मला वाटलं काचेवर चरा आहे, म्हणून मी बारीक ब्रशने तो बुजवला होता.

“आईने जन्मभर केलं नाही ते तू केलंस,” ते म्हणाले. “काल पडद्यावर पाहिलं, काय देखणा दिसत होतो मी.”

माझ्या हातातली शाईची बाटली कलंडली. उठलो तो डोकं पायरीवर आपटलं. तोंडातून काय निघावं? मी म्हणालो, “तुम्ही गेलात.”

“कुठं?”

मी पुन्हा खाली बसलो. ते आत आले, वाकून, या खोलीत कसं यायचं ते ठाऊक असल्यासारखे, आणि रंगाच्या पेटीवर टेकले. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात दोन रात्री उतरलो आहे म्हणाले, बाजारात उत्सवाचा कागद चिकटवलेला पाहिला, म्हणून काल आलो. “जमिनीचं तिकीट काढलं. सगळे उठले, मीही उठलो. शेजारचा विचारतो, कोण हो हा? म्हटलं, काय की बुवा. चेहरा बरा आहे.” त्यांचं मराठी मुंबईला राहून बदललेलं होतं. मध्येच आपल्या घरचा एखादा जुना शब्द यायचा आणि ते स्वतःच हसायचे. “तिकडे मी तोंड उघडलं की लोक म्हणायचे, बखरीतून उठून आलास का रे?”

मी एवढंच म्हणत राहिलो की कार्ड आलं होतं, काळ्या कडांचं, मी पाहिलं होतं.

त्यांनी डोळे बारीक केले. मग हसायला लागले, आणि हसता हसता इतकं खोकले की मला वाटलं, आता इथेच, माझ्यासमोर, दिवा खरा होतो. मी पाणी दिलं.

“अरे ते कावळ्याचं कार्ड!” ते म्हणाले. “मला कावळ्याने डोक्यावर टोच मारली होती. रक्त आलं. आपल्यात काय म्हणतात, कावळा डोक्याला शिवला की माणसाचं मरण ठरलं. मग ते चुकवायचं कसं? तो मेला म्हणून जिवाच्या माणसाला खोटं कळवायचं. त्याने खरं रडायचं. तो रडला की झालं, मरण होऊन गेलं, हिशेब मिटला. घरमालकाकडून लिहवून घेतलं मी, माझं अक्षर तुझ्या बापाने ओळखलं असतं. आणि चार दिवसांनी मी स्वतः दुसरं धाडलं की बाबा जिवंत आहे, पूस डोळे. ते नाही आलं?”

“नाही.”

“आलंच असणार. मोडी लिपीत होतं.”

तुमचा पत्र्याचा डबा वरच्या फळीवर असतो. त्यात तुमचा वस्तरा, दोन सुया, टॉकीजचा जुना पास आणि मोडीतलं एक कार्ड. दर वर्षी तुमच्या तिथीला मी डबा पुसतो. ते कार्ड मला वाचता येत नाही. मोडी तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवणार होतात, ती सुट्टी यायच्या आधी तुम्ही गेलात. मी समजत होतो की नाचियारकोविलच्या दिव्यांची कसली तरी मागणी असेल. डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं आणि वाचलं. मी ऐकलं तसं लिहितो.

“मी धडधाकट आहे. कावळा डोक्याला शिवला म्हणून तसं कळवावं लागलं. रडलास का? खरं रडला असशील तर माझं आयुष्य वाढलं, आणि खोटं रडला असशील तर येऊन बघतो तुला. आता वहिनींना सांग, पोळी करा. पोराला दोन द्या.”

पोराला दोन, अप्पा. माझ्या ताटात दोन होत्या.

त्यांनी कार्ड डब्यात ठेवलं, छत्री सरळ केली आणि म्हणाले, “बरं, आता त्याला बोलाव. मी पाठोपाठ आणखी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. म्हटलं रागावला. खोटं रडवलं म्हणून रागावला असेल, तो तसा आहेच. मग मीही म्हटलं, राहू दे. आता म्हातारा झालो, समजूत काढायला आलो. वर यंत्रावर आहे का? का घरी गेलाय जेवायला?”

पोळीच्या दिवसानंतर थोड्याच दिवसांत आपण तळ्याकाठचं घर सोडलं होतं. ती दोन कार्डं, आणि तुम्ही उत्तर टाकलं असेल तर तेही, कुठे गेलं कुणास ठाऊक.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी विचारलं, “कधी?” मी म्हटलं, अकरा वर्षं. ते जिन्याच्या खालच्या बाजूकडे बघत राहिले. तिथे तुम्ही पेन्सिलीने काचांची मापं लिहिलेली आहेत, ती मी पुसलेली नाहीत. तिकडे बघतच म्हणाले, “मला कार्ड नाही टाकलंस.”

“तुम्ही गेला होतात ना,” मी म्हटलं.

“हां,” ते म्हणाले. “खरंच की.”

मग एकदम कोटाच्या बाहीने तोंड पुसून त्यांनी मला सोडवायलाच सुरुवात केली. कुणाला काही सांगू नकोस म्हणाले. रविवारच्या गाडीने मी जातो. लोक उभे राहिले, मान मिळाला, आता उकरायचं कशाला? आणि हळूच सांगितलं की ते कॅमेरामन नव्हतेच. “सव्वीस वर्षं पत्रा धरला मी. मोठा पत्रा, त्याच्यावर चांदीचा कागद. ऊन पकडायचं आणि हिरोच्या तोंडावर पाडायचं. हात हलला की कॅमेरामनची शिवी. मेल्यावर मी कॅमेरामन झालो, तर राहू दे ना. जिवंत उठलो तर पुन्हा पत्रेवाला. वर भाषणही करावं लागेल. मेलेल्याला भाषण तरी करावं लागत नाही.” जाताना दारात वळून म्हणाले, “दिवा मात्र सुरेख काढतोस. अगदी त्याच्यासारखा.”

ते गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. कुणाला कळणार नव्हतं. यादी छापून झाली होती, मिनिट पाळून झालं होतं. मी सांडलेली शाई पुसली, कपाळाला तेल लावलं आणि संध्याकाळी घरी गेलो. आईला सांगायचं नव्हतं, पण ताटावर बसलो आणि तिने कपाळाचं टेंगूळ पाहून विचारलं, तसं सगळं बाहेर पडलं.

“तो कुठे मेला?” आई म्हणाली. “कावळ्याचं कार्ड होतं ते.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“तू कधी विचारलंस? पोळी केली त्या दिवशी तोंड फुगवून परसात जाऊन बसलास. तुझे अप्पा म्हणाले, राहू दे, भूक लागली की येईल.”

“अप्पा गेले तेव्हा तरी सांगायचंस. मी त्यांना कार्ड टाकलं नाही.”

तिचा हात थांबला. “मला वाटलं टाकलंस. तूच लिहीत होतास सगळ्यांना. मला कुठे वाचता येतं?” मग माझ्या ताटात ताक वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि जिवंत माणसावर दिवा ठेवून तू जेवतोस होय?”

मला जेवता आलं नाही.

तुम्हाला तो चांदीवाला आठवतो का? मी दहा वर्षांचा असताना त्याच्या कार्तिकातल्या दिव्यांच्या सणाच्या जाहिरातीत मी हौसेने त्याच्या तोंडाशेजारी दिवा काढला होता. तुम्ही वस्तऱ्याने तो खरवडलात आणि मला म्हणालात, “जा, दुकानात जा. तो श्वास घेतो का बघून ये.” मी गेलो. तो पैंजण तोलत होता. मी उभा राहिलो, त्याची छाती बघत. तो म्हणाला, “काय पाहिजे रे?” मी पळत आलो आणि सांगितलं, घेतो. “मग दिवा कशाला?” तुम्ही म्हणालात. “दिवा काढायचा तर आधी त्या घरच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन यायचं. ऐकून काढायचा नाही.” मी तेव्हा रडलो होतो. आणि हा दिवा मी ऐकूनही नाही, आठवून काढला.

शनिवारी सकाळच्या पहिल्या बसने गोविंदपुरमला गेलो. बसमध्ये एकच विचार होता, तो खोकला, आणि दोन दिवस पेटता ठेवलेला माझा दिवा. देवळाच्या ओसरीवर चार-पाच जण झोपले होते. त्यांचा कोट खुंटीला होता आणि ते डोक्यावरून धोतर ओढून निजले होते, पाय बाहेर. मी जवळ जाऊन उभा राहिलो. धोतर हलत नव्हतं. आत भजनाला सुरुवात झाली होती, झांजा वाजत होत्या, त्यांत त्यांचा श्वास ऐकू येईना. मी मनातल्या मनात आकडे मोजले. नवापर्यंत आलो आणि नाकापाशी धोतर वर झालं, खाली झालं.

“कोण तिष्ठतंय तिथे?” धोतराच्या आतून आवाज आला. “यमाचा माणूस असशील तर परवा मिनिट पाळून झालंय.”

मी म्हटलं, “काका, मी सेक्रेटरींना सांगायला चाललो आहे.”

ते उठून बसले. बराच वेळ पाय खाजवत राहिले. “मारतील तुला.”

“हो.”

“कॅमेरामनचंही सांगणार?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“सांग,” ते म्हणाले. “आता एक पुसतोच आहेस तर दोन पूस.”

सेक्रेटरी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सांगितलं, शेवटपर्यंत, कावळ्यासकट. त्यांनी पेपराची घडी केली, ती उलगडली, पुन्हा घडी केली.

“सहाशे माणसं उभी केलीस तू,” ते म्हणाले. “अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा गुडघा दुखतो, तरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तंबी. ते आता परत कसं घेऊ?”

मी त्यांच्या हातातल्या घडीकडे बघत होतो.

“उत्तर एका ओळीत चुकलं तर चालतं, ती ओळ खोडता येते. तू पहिलीच ओळ चुकलास आणि खाली पानभर गणित बरोबर केलंस.” ते आत गेले. मला वाटलं, संपलं, आता टॉकीजच्या मालकाला चिठ्ठी जाणार. ते बाहेर आले ते कागद घेऊन. “उद्या आठवी शाल आणावी लागेल. त्याला घेऊन ये. आणि हे मी सांगणार नाही, अध्यक्षही सांगणार नाहीत. चूक तुझी, तोंड तुझं. माइकवर तू सांगायचंस.”

“सर, मला बोलता येत नाही.”

“मग लिहून आण. लिहिता येतं ना?”

काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले. “तू बोल, मी शेजारी उभा राहतो. नीट उभं राहण्याचंच काम केलंय मी.”

म्हणून ही चार वाक्यं. ती अशी: मी या टॉकीजच्या काचा लिहितो. गुरुवारी दाखवलेल्या पाचव्या काचेवरचा दिवा ही माझी एकट्याची चूक आहे. ज्यांच्यासाठी आपण उभे राहिलात ते इथे आहेत, आणि त्यांनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर ऊन धरलं. आपण सर्वांनी मला क्षमा करावी. घरी आईसमोर म्हणून पाहिली, दुसऱ्या वाक्यापाशी आवाज गेला. आई म्हणाली, मोठ्याने म्हण, मागे जमिनीच्या तिकिटावर कुणाला ऐकू येणार? लोक हसतील, अप्पा. शिट्ट्या मारतील. अध्यक्ष माझ्याकडे कसे बघतील ते मला आत्ताच दिसतं आहे. उद्या ही खोली माझी असेल की नाही ते ठाऊक नाही.

काकांची काच उघडली. खालच्या फोटोवरची भुवई ओल्या कापसाने पुसून पहिल्यासारखी तुटकी केली. वरची दिव्याची काच काढून ठेवली आणि नवी काच लिहिली, चारी कोपरे पिवळे. तीच आत्ता फडक्यावर आहे, एक कड राहिली आहे. आणि काढून ठेवलेली ती दुसरी. तिच्यावरची अक्षरं मी तुमच्या वस्तऱ्याने खरवडली, सगळी, एकही रेघ न ठेवता. दिवा खरवडताना हात थांबला. तो तसाच ठेवला. तुमचा फोटो आपल्याकडे नाही. शाळेच्या फोटोत तुम्ही पगडीमागे आहात. संघाच्या यादीत तुमचं नाव नाही, तुम्ही शाळा पुरी केली नव्हती. म्हणून त्या काचेवर नावही नाही, चेहराही नाही. नुसता दिवा. तिला मागून साधी काच लावून पट्टी मारली आहे. काका स्टेजवर चढायच्या आधी ती मी यंत्रात घालणार आहे, दहा आकडे मोजेपर्यंत. लोकांना वाटेल शोभेसाठी आहे. सेक्रेटरींना विचारलेलं नाही. काकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, माझाच दिवा त्याला दिलास, बरं झालं, मला कार्ड पोचलं. आज पहिल्यांदा आईही टॉकीजला येणार आहे. इतक्या वर्षांत ती कधी आली नाही.

तीन वाजायला पाच कमी आहेत. हात बराच स्थिर झाला आहे. चौथी पट्टी लावतो. हा कागद कुठे टाकायचा नाही, मोडीच्या कार्डाखाली डब्यात ठेवतो. काम संपलं की तुम्ही काचांचा हिशेब लिहायचात, तसा लिहितो. नवी काच एक, दोन आणे, माझे, संघाचे नाहीत. काळी पट्टी उरलेलीच वापरली. खरवडलेली काच एक, परत वापरली. देणं: मुंबईला एक कार्ड, अकरा वर्षं राहिलेलं, शुक्रवारी तोंडी दिलं.

आणि एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. पोळीच्या त्या दिवशी दिवेलागणीला, आई देवापुढे होती आणि तुम्ही टॉकीजला गेला होतात, तेव्हा मी शिंक्यावरच्या डब्यातून त्या दोन्ही पोळ्या काढून परसात उभ्याने खाल्ल्या होत्या. गोड लागल्या. तुम्ही गेलात तेव्हापासून मला वाटत होतं की ते माझ्यामुळे झालं.